प्रपंच आणि यंत्र : प्रमाणपत्राची मुदत

घरातील कामांचे दोन वर्ग सहज पाडता येतील. काही कामे केली म्हणजे दिसतात. काही कामे राहिली म्हणजेच दिसतात. पुरणाचा घाट घातला, की घरभर वास सुटतो आणि चार माणसे वाखाणतात. परंतु विम्याचा हप्ता, पाण्याच्या टाकीची सफाई, देवघरातील नंदादीपाचे तेल ही दुसऱ्या वर्गातील कामे होत. ती वेळच्या वेळी झाली तर कोणाच्या ध्यानातही येत नाहीत, एकदा चुकली, की “हे काम कोणाकडे होते?” असे सारे घर एकमेकांना विचारू लागते. ह्या दुसऱ्या वर्गात अलीकडे एका नव्या कामाची भर पडली आहे. ते म्हणजे घरच्या संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राचे वेळोवेळी करावयाचे नूतनीकरण. विषय वरवर पाहता यंत्रज्ञांचा आहे. पण त्याचे मूळ घराच्या व्यवस्थेत आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच ह्या महिन्यात त्यासंबंधी लिहिण्याचे योजिले आहे.

संकेतस्थळ ही आता केवळ कारखानदारांची वस्तू राहिलेली नाही. कित्येक कुलमंडळांनी आपले कुलवृत्तांत संकेतस्थळांवर ठेवले आहेत. कोणाच्या घरी शिकवणीचे वर्ग चालतात, कोणाचा दवाखाना आहे, कोठे लेकीसुना मिळून मेतकूट, भाजणी आणि दिवाळीचा फराळ करून परदेशी धाडतात. कल्याणहून शिळेकडे येणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा गेल्या काही वर्षांत ज्या उंच वसाहती उठल्या, त्यांत डोंबिवली-ठाण्याच्या जुन्या जागा सोडून आलेली अशी उद्योगी कुटुंबे पुष्कळ आढळतील. शीळफाटा म्हणजे कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे ह्या चार दिशांचे रस्ते जेथे मिळतात तो नाका. तेथून महाप्याची वाट धरली, की डोंगर ओलांडून ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा लागतो, आणि त्या पट्ट्यात महापे, रबाळे, ऐरोली ह्या भागांत मोठमोठी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. बाहेरून ती गोदामांसारखी दिसतात. आत अहोरात्र थंड राखलेल्या दालनांतून ‘सर्व्हर’ नावाच्या संगणकांच्या रांगा चालत असतात. एखाद्याचे संकेतस्थळ ‘होस्ट’ केले आहे असे आपण म्हणतो, तेव्हा अशाच एखाद्या सर्व्हरवर त्याने भाड्याने जागा घेतलेली असते, इतकाच त्याचा अर्थ.

शीळफाट्यावर राहणाऱ्या काकूंचे दुकान अशा रीतीने डोंगरापलीकडे महाप्यास असेल, नाहीतर समुद्रापलीकडे सिंगापुरास असेल. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नसतो आणि असण्याचे कारणही नाही. त्याला दोन गोष्टींची मात्र खात्री हवी. आपण ज्या नावाच्या दुकानात शिरलो ते खरोखरच त्या नावाचे आहे ना, ही एक. आणि आपण तेथे जे सांगतो ते वाटेत कोणी ऐकत वा बदलत नाही ना, ही दुसरी. सुरक्षा-प्रमाणपत्र ह्या दोन गोष्टींसाठी असते.

त्याची रीत थोडक्यात अशी. सर्व्हर आपल्यापुरत्या दोन किल्ल्या तयार करतो. एक खाजगी, जी त्याच्याजवळून कधीही बाहेर जात नाही. दुसरी सार्वजनिक, जी तो कोणालाही देऊ शकतो. ही सार्वजनिक किल्ली आणि आपल्या संकेतस्थळाचे नाव तो एका प्रमाणन संस्थेपुढे ठेवतो. अर्जदाराचा त्या नावावर खरोखर ताबा आहे की नाही हे ती संस्था तपासते, आणि मग नाव, किल्ली व मुदत ह्यांवर आपली संगणकीय सही करून देते. जुन्या मराठी पत्रांवर आरंभी मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तब झाल्यावर खाली कोणास एक ओळही घालता येऊ नये, हा त्यातला हेतू. ही सही तशीच आहे. आतील एक अक्षर बदलले तरी ती जुळेनाशी होते. कोणत्या संस्थांच्या सह्या ग्राह्य मानावयाच्या ह्याची यादी आपल्या फोनमध्ये वा ब्राउझरमध्ये आधीच असते. आपण संकेतस्थळ उघडतो त्या क्षणी ही सारी पडताळणी डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी होऊन जाते. ती जुळली नाही, तर मात्र ब्राउझर पडदा अडवून इशारा देतो.

ह्या प्रमाणपत्रास मुदत कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर व्यवहारातलेच आहे. संकेतस्थळाचे नाव हे विकत घेतलेले नसते, तर ठरावीक वर्षांसाठी नोंदवलेले असते. आज ते एकाकडे आहे, उद्या दुसऱ्याकडे जाईल. जुन्या धन्याचे प्रमाणपत्र जर दहा वर्षांचे असेल, तर नव्या धन्याच्या नावाने वागण्याचे साधन जुन्याच्या हाती राहते. तसेच खाजगी किल्ली चोरीस गेली तर प्रमाणपत्र रद्द करण्याची सोय आहे खरी; पण रद्द झाल्याची वार्ता प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेवर पोहोचेलच असा भरवसा देता येत नाही. म्हणून मुदतच आखूड ठेवावी, म्हणजे चोरलेली किल्ली फार दिवस चालणार नाही, हा शहाणपणाचा मार्ग ठरला. भाडेकरार ११ महिन्यांचा करण्याची सवय ज्यांना आहे, त्यांस हा विचार समजावून सांगावयास नको.

पेशवाईतील इनामपत्रांत, दरसाल नव्या पत्राचा आग्रह धरू नये, अशा आशयाचे कलम घालीत असत. एकदा मिळालेली सनद पिढ्यान्‌पिढ्या चालावी, ही त्यामागील इच्छा. आजचा ओघ नेमका उलट दिशेने आहे. सप्टेंबर २०२० पासून ब्राउझरांनी ३९८ दिवसांहून अधिक मुदतीची नवी प्रमाणपत्रे नाकारावयास आरंभ केला. प्रमाणन संस्था आणि ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्या ह्यांचे जे एकत्र मंडळ आहे, त्याने एप्रिल २०२५ मध्ये मतदानाने पुढील वेळापत्रक ठरविले : १५ मार्च २०२६ पासून दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांना अधिकात अधिक २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस, आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. जे काम वर्षातून एकदा येत होते ते दर दीड महिन्याला येणार, असा ह्याचा सरळ अर्थ. माणसाच्या आठवणीवर हे काम चालणे आता शक्य नाही. ते यंत्राकडेच सोपविले पाहिजे.

सुदैवाने ती सोय आधीच झालेली आहे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाच्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या प्रमाणन संस्थेने डिसेंबर २०१५ पासून सर्वांना विनामूल्य प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केला. त्यांची मुदत ९० दिवसांची ठेवली, आणि मुद्दामच ठेवली. एवढ्या थोड्या मुदतीमुळे लोक हाताने काम करणे सोडून देतील व यंत्राकडे सोपवतील, असा संस्थेचा हिशेब होता. त्यासाठी जी ठराविक बोलणी सर्व्हर व संस्था ह्यांच्यात व्हावयाची, तिला ‘एसीएमई’ असे नाव असून २०१९ मध्ये तिला इंटरनेटच्या मानकांत स्थान मिळाले. सर्व्हरवर ‘सर्टबॉट’सारखा एखादा चाकर-कार्यक्रम बसविलेला असतो. तो बहुधा दिवसातून दोनदा उठून पाहतो, की मुदत किती उरली. ९० दिवसांपैकी ३० उरले, म्हणजे तो संस्थेकडे नवे प्रमाणपत्र मागतो. संस्था म्हणते, “ह्या नावावर तुझा ताबा असेल, तर मी सांगते ती खुणेची चिठ्ठी त्या संकेतस्थळावर अमुक जागी ठेवून दाखव.” चाकर चिठ्ठी ठेवतो, संस्था बाहेरून येऊन ती वाचते, आणि सही करते. चिठ्ठी संकेतस्थळावर न ठेवता नावाच्या नोंदीत, म्हणजे ‘डीएनएस’मध्ये, ठेवण्याचीही एक रीत आहे. एका नावाखालील सर्व उपनावांना मिळून एकच प्रमाणपत्र हवे असेल, तर ह्या संस्थेकडे तीच रीत लागते. ज्यांनी सर्व्हर स्वतः न सांभाळता होस्टिंगवाल्याकडून तयार जागा घेतली आहे, त्यांच्या ‘सी-पॅनेल’सारख्या व्यवस्थेत हेच काम ‘ऑटोएसएसएल’ नावाने बिनबोभाट चालू असते.

येथवर सारे उत्तम आहे. परंतु ‘आपोआप’ ह्या शब्दात एक भुलावण आहे, आणि ती उलगडून सांगण्यासाठी आमच्या परिचयातील एका घरची हकीकत येथे देत आहो.

हे घर शीळफाट्याजवळच्या एका वसाहतीत राहते. दोन बिऱ्हाडे एका मजल्यावर, स्वयंपाकघर एकच. थोरल्या काकू, त्यांच्या दोन सुना आणि एक पुतणसून मिळून फराळाचा धंदा करतात. परदेशी जाणारी पार्सले दिवाळीच्या महिनाभर आधीच निघावी लागतात, त्यामुळे नवरात्र हा त्यांचा मुख्य हंगाम. संकेतस्थळ धाकट्या पुतण्याने उभारून दिले होते. सर्व्हर भाड्याने घेणे, प्रमाणपत्र बसविणे, चाकर-कार्यक्रम लावणे, सारे त्याने एका रविवारात केले. पुढे तो नोकरीनिमित्त जर्मनीस गेला. दोन वर्षे प्रमाणपत्र आपोआप नवे होत राहिले आणि घरात कोणास ते आहे ह्याचीही जाणीव राहिली नाही.

२०२५ च्या आषाढात सुनांनी पाककृतींचे एक जुने उपनाव बंद केले. ते कोणी वाचीत नव्हते, तेव्हा त्याची नोंद काढून टाकली; ह्यात वावगे काहीच नव्हते. पण पुतण्याने घेतलेल्या प्रमाणपत्रात मुख्य नावाबरोबर ह्या उपनावाचाही समावेश होता. पुढच्या खेपेस चाकराने तिन्ही नावांसाठी अर्ज केला. संस्थेला त्यांतील एक नाव सापडेना. आणि एक नाव अडले म्हणून सबंध प्रमाणपत्र अडले. चाकर प्रामाणिक होता. तो महिनाभर दिवसातून दोनदा उठला, सुमारे साठ वेळा प्रयत्न केला, आणि साठही वेळा आपल्या नोंदवहीत ‘जमले नाही’ असे लिहून ठेवले. ती नोंदवही वाचणारे कोणी नव्हते. पूर्वी मुदत संपत आली, की लेट्स एन्क्रिप्टकडून आठवणीचे पत्र येत असे. ती प्रथा संस्थेने ४ जून २०२५ पासून बंद केली होती. चालू असती तरी उपयोग नव्हता, कारण पत्ता दिला होता तो पुतण्याच्या जुन्या कचेरीचा.

नवरात्राच्या चौथ्या दिवशी संकेतस्थळ उघडणाऱ्या प्रत्येकास लाल इशारा दिसू लागला. फोन येऊ लागले. अशा वेळी घरातील थोरल्या चिरंजिवांनी जो उपाय काढला, त्याविषयी आम्हांस मुख्यतः बोलावयाचे आहे. ते प्रत्येकाला सांगू लागले, “अहो, काही नाही, खाली बारीक अक्षरांत ‘तरीही पुढे जा’ असे आहे, ते दाबा.” गिऱ्हाइकांना सांगितले, नातेवाइकांना सांगितले, घरातल्या बायकांनाही सांगितले. मागण्या थोड्याफार चालू राहिल्या. पुतण्याने जर्मनीहून दोन दिवसांनी दोष शोधून काढला व पाच मिनिटांत प्रमाणपत्र नवे झाले. प्रकरण मिटले असे सर्वांस वाटले.

कार्तिकात एके दुपारी थोरल्या काकूंच्या फोनवर विजेच्या बिलाबद्दल निरोप आला. त्यातला दुवा त्यांनी दाबला, तो तसाच लाल इशारा आला. त्यांनी खालची बारीक अक्षरे शोधली आणि पुढे गेल्या. कार्डाचा आकडा अर्धा भरून झाला होता, तेवढ्यात पुतणसुनेचे लक्ष गेले. “काकू, अहो हे काय करता? इशारा नाही का दिसला?” काकू शांतपणे म्हणाल्या, “दिसला की. लाल पाटी आली म्हणजे खालचे दाबून पुढे जायचे, असे दादानेच नाही का सांगितले?”

पैसे गेले नाहीत. पण काकूंच्या उत्तराला त्या घरात कोणाजवळही प्रत्युत्तर नव्हते. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राने त्या आठवड्यात किती मागण्या बुडाल्या ह्याचा हिशेब करता येईल. इशारा ओलांडून जावयाचा असतो, ही जी शिकवण त्या दोन दिवसांत पन्नास-पाऊणशे माणसांना दिली गेली, तिचा हिशेब कोण करणार? पाहारेकऱ्याला ‘तू ओरडत राहा, आम्ही आपले जातो’ असे एकदा सांगितले, की चोर आल्या दिवशी त्याच्या ओरडण्याला किंमत उरत नाही. घरातील वडील माणसे सांगितलेले निष्ठेने पाळतात. म्हणून त्यांना काय सांगावयाचे ह्याची जबाबदारी अधिक.

असे प्रसंग छोट्या घरांवरच येतात असेही नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये ओटू ह्या दूरध्वनी कंपनीच्या जाळ्यावरील सुमारे ३ कोटी २० लाख लोकांची इंटरनेट-सेवा दिवसभर बंद पडली, आणि जपानमध्ये सॉफ्टबँकेच्या ग्राहकांनाही तोच त्रास झाला. कारण शोधता असे आढळले, की एरिक्सन कंपनीने पुरविलेल्या प्रणालीतील एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. अमेरिकेतील इक्विफॅक्स ह्या पतमापन कंपनीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तिच्याकडे जाळ्यातून जाणारी-येणारी माहिती तपासणारे एक यंत्र होते. त्या यंत्राचे प्रमाणपत्र दीड वर्षाहून अधिक काळ मुदतबाह्य राहिले, त्यामुळे यंत्र चालू असूनही आंधळे झाले होते. २०१७ च्या मे महिन्यात चोर आत शिरले व ७६ दिवस वावरले. २९ जुलै रोजी कोणीतरी प्रमाणपत्र नवे केले, आणि त्याच दिवशी संशयास्पद हालचाल नजरेस आली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती गेली होती. जेथे पगारी यंत्रज्ञांची पलटण आहे तेथेही ‘हे काम कोणाकडे होते?’ हाच प्रश्न शेवटी उभा राहिला.

प्रमाणपत्र असले म्हणजे सारे निर्वेध, असाही ग्रह कोणी करून घेऊ नये. ते सांगते ते इतकेच, की हे संकेतस्थळ ह्या नावाचे आहे व वाट बंदिस्त आहे. दुकानदार सचोटीचा आहे असे ते सांगत नाही. लबाडालाही स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र विनासायास मिळते. तेव्हा नाव नीट वाचणे हे काम आपलेच राहते. क्रोम ब्राउझरने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याजवळचे कुलपाचे चिन्ह काढून टाकले, त्याचे कारणही हेच. कुलूप दिसले म्हणजे दुकान विश्वासाचे, असा लोकांचा गैरसमज होत होता.

शिवाय प्रमाणपत्राची किंमत त्याच्यामागे झालेल्या तपासणीइतकीच असते. आपल्या भागातील लोकांना हे निराळे सांगावयास नको. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींना महापालिकेच्या परवानगीचे बनावट कागद जोडून महारेराची नोंदणी मिळविण्यात आली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा घरे घेतलेल्या कुटुंबांवर आकाश कोसळले. नोंदणीचा आकडा खरा होता. पण ज्या कागदावर ती उभी होती तो कागद खुद्द महापालिकेच्या दप्तराशी ताडून पाहिलेला नव्हता. संगणकाच्या जगातही असे घडते. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन-व्यवस्थेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलला २ जुलै रोजी आढळून आले, आणि दुसऱ्याच दिवशी भारताच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी त्या केंद्राची प्रमाणपत्रे रद्द केली. मुदत लहान ठेवून दर वेळी नावावरचा ताबा नव्याने तपासावयाचा, ह्या धोरणाचे महत्त्व अशा घटनांतून कळते. नूतनीकरण हा नुसता शिक्का मारण्याचा उपचार नव्हे. ती प्रत्येक वेळची पुनः तपासणी आहे.

आता व्यवहाराच्या सूचना. ज्या घरी संकेतस्थळ आहे, त्या घराने प्रथम एक वही घालावी. संकेतस्थळाचे नाव कोणाकडे नोंदविले आहे व कोणत्या तारखेपर्यंत, जागा कोणाकडून भाड्याने घेतली आहे, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, त्यात कोणकोणती नावे आहेत, आणि ते आपोआप नवे होण्याची व्यवस्था कोणी व कोठे लावली आहे, हे त्यात साध्या मराठीत लिहावे. संकेतशब्द त्या वहीत लिहू नयेत. ते निराळे, बंद ठेवून दोन माणसांना ठाऊक असू द्यावेत. संस्थेला व होस्टिंगवाल्याला द्यावयाचा ई-मेलचा पत्ता घराचा असावा, एकट्या माणसाच्या कचेरीचा नसावा. एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ असतात, म्हणून विद्या सुरक्षित आहे असे आपण समजतो. वस्तुतः ती पुष्कळदा एकाच डोक्यात असते, आणि ते डोके जर्मनीत असते.

दुसरी सूचना देखरेखीची. प्रमाणपत्र नवे झाले की नाही हे सर्व्हरच्या आत पाहून समाधान मानू नये. बाहेरून, गिऱ्हाइकाच्या वाटेने, ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडून प्रमाणपत्रावरील मुदतीची तारीख वाचावी. कारण असेही घडते, की चाकराने नवे प्रमाणपत्र आणून कपाटात ठेवले, पण दुकान चालविणाऱ्या कार्यक्रमास ते पुन्हा वाचावयास कोणी सांगितलेच नाही. तो आपला जुनेच दाखवीत राहतो. नूतनीकरणानंतर त्या कार्यक्रमाने प्रमाणपत्र पुन्हा वाचावे, अशी आज्ञा व्यवस्थेत घातलेली असली पाहिजे. ९० दिवसांच्या प्रमाणपत्राचे २० दिवस उरले तरी नवे आले नसेल, तर यंत्र अडले आहे असे निश्चित समजावे. ४७ दिवसांच्या बाबतीत १० दिवस ही खूण ठेवावी. ही तारीख बाहेरून पाहून फोनवर कळविणाऱ्या सेवा मिळतात. त्यांतील एखादी लावावी. तरीही संकष्टी, एकादशी अशी महिन्यातील एखादी ठरलेली तिथी धरून कोणीतरी स्वतः पाहावे, हे बरे.

तिसरी सूचना बदल करताना घ्यावयाच्या काळजीची. आपोआप चालणारी व्यवस्था बहुधा आपण होऊन बिघडत नाही. भोवतालचे काही तरी बदलते आणि तिला त्याची वर्दी नसते. उपनाव काढले, सर्व्हर बदलला, नवी अग्निभिंत बसविली व तिने ८० क्रमांकाचे दार बंद केले, सर्व्हरवरची जागा भरून गेली, नावाची नोंद दुसऱ्या कंपनीकडे नेली. ह्यांपैकी काहीही केले, की त्याच दिवशी नूतनीकरणाची रंगीत तालीम करून पाहावी. सर्टबॉटमध्ये अशा तालमीची सोय आहे. तीत खरे प्रमाणपत्र बदलत नाही, पण अडचण असली तर लगेच कळते. आणि अडचण आढळल्यावर घाईने तीच कळ पुनःपुन्हा दाबू नये. एका नावासाठी तासात पाच वेळा तपासणी फसली, की लेट्स एन्क्रिप्ट काही वेळ नवा अर्जच घेत नाही. आधी नोंदवहीतील शेवटच्या ओळी वाचाव्यात. दोष बहुधा तेथेच लिहिलेला असतो.

चौथी सूचना लहान पण विसरण्याजोगी. प्रमाणपत्राची मुदत आणि नावाच्या नोंदणीची मुदत ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत. नावाचेच पैसे भरावयाचे राहिले, तर प्रमाणपत्राचा चाकर कितीही तत्पर असो, तो हतबल होतो.

आणि शेवटची सूचना, जी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. इतके करूनही एखाद्या दिवशी इशारा झळकलाच, तर गिऱ्हाइकाला, पाहुण्याला, घरच्या कोणालाही ‘तरीही पुढे जा’ असे सांगू नये. “दुकान दोन दिवस बंद आहे, मागणी फोनवर लिहून घेतो,” असे सरळ सांगावे. दोन दिवसांची विक्री गेली तर पुढच्या सणाला भरून येते. आणि ज्यांनी ही चुकीची शिकवण आधीच देऊन ठेवली असेल, त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून ती परत घ्यावी. लाल पाटी दिसली, की फोन खाली ठेवून घरातल्या कोणालातरी हाक मारावयाची, एवढे एकच वाक्य त्यांना सांगावे. वर सांगितलेल्या घरी आता असेच ठरले आहे. वही थोरल्या सूनबाईंकडे आहे, तारीख पाहण्याचे काम पुतणसुनेकडे आहे, आणि ती माहेरी गेली तर कोणी पाहावयाचे हेही वहीत लिहिलेले आहे.

संकेतस्थळाचे नाव नोंदविताना कोणती खबरदारी घ्यावी, आणि ‘.भारत’ ह्या शेवटाची देवनागरी नावे घेणाऱ्यांस काय काय पाहावे लागते, ह्याविषयी वाचकांकडून विचारणा आली आहे. तो विषय पुढील अंकी घेऊ.